झाकणाच्या आतल्या तारखा

मुलांनो, मनगटावरच्या घड्याळाचं मागचं झाकण आतून कसं दिसतं, कधी पाहिलंयत? मीही पाहिलं नव्हतं. २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत माहेरी गेले होते. तिथलं आजोबांचं बंद पडलेलं घड्याळ घेऊन बाजारातल्या म्हाताऱ्या घड्याळजींकडे गेले, आणि तेव्हा ते पाहायला मिळालं.

आजोबा बोटीवर नोकरीला होते. १९६४ साली त्यांनी एडनच्या बंदरात हे चावीचं स्विस घड्याळ घेतलं. त्यात दोन महिन्यांचा पगार गेला म्हणून आजी कितीतरी दिवस धुसफुसत होती म्हणे!

घड्याळजीकाकांनी डोळ्याला भिंग लावलं, झाकण उघडलं आणि आतली बाजू माझ्यासमोर धरली. सुईने कोरल्यासारखे बारीक आकडे होते. ६९, ७४, ७९, ८५.

"हे बघा बाई, घड्याळ उघडून साफ केलं की कारागीर असं साल कोरून ठेवतो. ८५ नंतर कोणी हातच लावलेला नाही."

खरं होतं ते. आजोबा गेल्यावर घड्याळ बाबांच्या हातात आलं. "चालतंय ना छान, मग उघडायचं कशाला?" असं बाबा म्हणायचे. २००९ पर्यंत, म्हणजे चोवीस वर्षं ते तसंच चाललं. आणि चालता चालताच आतून झिजलं.

आता ही झीज कुठे होते ते सांगते. चावी दिली की आतली लांब पोलादी पट्टी गुंडाळली जाते. ती हळूहळू सुटते आणि दात्यांची चाकं फिरवते. या चाकांना शिस्त लावतं एक छोटंसं चाक. ते गोल फिरत नाही, झोपाळ्यासारखं इकडून तिकडे डुलतं. त्याचा प्रत्येक हेलकावा म्हणजे एक टिक. आजोबांच्या घड्याळात सेकंदाला ५ टिका पडतात. तासाला झाल्या १८,०००, दिवसाला ४,३२,०००. वर्षाचा गुणाकार तुम्ही वहीत करा. पावणेसोळा कोटींच्या वर जातो! तुमचं हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा धडधडतं, त्याच्या चौपट काम झालं हे. आजच्या बऱ्याच महागड्या घड्याळांत तर सेकंदाला ८ टिका असतात.

डुलणाऱ्या चाकाचा आस टोकाला केसाएवढा बारीक असतो. तो टेकतो माणकाच्या खड्ड्यात. हो, माणिकच, पण कारखान्यात तयार केलेलं. घरी जुनं चावीचं घड्याळ असेल तर तबकडीवर '१७ ज्युवेल्स' लिहिलंय का ते बघा. ते दागिना म्हणून नसतात बरं का. माणिक कठीण आणि गुळगुळीत असतं, म्हणून आस त्यावर कमी घासतो.

पण घासतोच. म्हणून तिथे तेल लागतं, तेही सुईच्या टोकावर मावेल इतकं. जास्त झालं तर पसरतं आणि भलत्याच ठिकाणी चिकटतं. सावकाश फिरणाऱ्या चाकांना दाट तेल, झपाट्याने हलणाऱ्यांना पातळ. काही वर्षांनी हे तेल सुकतं, नाहीतर धुळीत मिसळून चिकट होतं. गंमत म्हणजे (गंमत कसली!) घड्याळ लगेच थांबत नाही. सायकलची साखळी कोरडी पडली की करकरते, सगळ्या आळीला कळतं. घड्याळ बिचारं मुकाट्याने चालत राहतं आणि पोलाद झिजत जातं. काकांनी चिमट्याने एक चाक उचलून दाखवलं. त्याच्या आसाला मधेच चक्क खाच पडली होती.

तुम्ही म्हणाल, बाई, लाखो रुपयांच्या घड्याळांचं असं होत नसेल! होतं. रोलेक्स कंपनीही आपली घड्याळं साधारण दहा वर्षांनी सर्व्हिसिंगला द्या असंच सांगते. सर्व्हिसिंग म्हणजे नुसतं फुंकर मारून पुसणं नव्हे. शंभराहून जास्त भाग सुटे करायचे, द्रावणात धुवायचे, झिजलेले बदलायचे, तेल घालून पुन्हा जुळवायचे. पाणी आत जाऊ नये म्हणून बसवलेली रबरी कडीही बदलायची. पाटेक फिलिप ही जिनिव्हाची कंपनी तर १८३९ पासून बनवलेलं आपलं कुठलंही घड्याळ दुरुस्त करून देते. माझ्या मते महाग घड्याळात पैसे मोजायचे ते याचे. नाहीतर वेळ काय, शे-दोनशे रुपयांचं सेलवरचं घड्याळही अचूक दाखवतं, बऱ्याचदा त्याहून अचूक!

तेलाची ही कटकट टाळायला भल्याभल्यांनी डोकं चालवलंय. इंग्लंडच्या जॉर्ज डॅनियल्सनी टिक देणाऱ्या भागांचं घासणं कमी करणारी रचना शोधली. ओमेगा कंपनीने ती १९९९ मध्ये बाजारात आणली. २००१ पासून काही घड्याळांत सिलिकॉनचे भाग आले. त्यांना तेल लागत नाही.

पण त्यांच्या कितीतरी आधी होता जॉन हॅरिसन, सुताराचा मुलगा. समुद्रावर जहाज पूर्व-पश्चिम कुठे आहे हे कळायला अचूक वेळ लागायची. त्यासाठी त्याने १७३५ पर्यंत एक मोठं घड्याळ बनवलं. काही भागांना त्याने असं लाकूड वापरलं की ज्यातून स्वतःचंच तेल झिरपतं! ते आणि नंतरची दोन घड्याळं तेलाशिवाय चालतात. चौथं मात्र त्याने लहान केलं, मोठ्या खिशातल्या घड्याळासारखं. जमैकाच्या सफरीत ८१ दिवसांत ते फक्त ५ सेकंद मागे पडलं. त्याला मात्र तेल लागतं. आज लंडनमधल्या ग्रिनिच वेधशाळेत पहिली तीन घड्याळं चालू ठेवतात आणि सगळ्यांत नावाजलेलं चौथं बंद ठेवतात. चालवलं तर ते झिजेल ना!

आजोबांचं घड्याळ काही वस्तुसंग्रहालयात ठेवायचं नव्हतं. पण तसला आस आता मिळत नाही. काकांनी चार महिने शोधून त्याच जातीचं एक मोडकं घड्याळ मिळवलं आणि त्यातला आस चाकासकट बसवला. आता ते दिवसाला अर्धा मिनिट मागे पडतं. मी रोज सकाळी परिपाठाच्या आधी चावी देते, आणि पहिल्या बाकावरची मुलं कान लावून टिकटिक ऐकतात.

झाकण लावण्याआधी काकांनी ८५ च्या खाली २४ कोरलं. "आता २९ ला आणा," म्हणाले. शेजारच्या टेबलावर त्यांचा मुलगा मोबाईल दुरुस्त करत होता. त्याने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. २९ साली घड्याळ कोणाकडे आणायचं, हे विचारायचं माझ्या अगदी तोंडावर आलं होतं. पण मी नुसती मान हलवली आणि पैसे दिले.