भरलेल्या सेलची ऊब

चार्जिंगला लावलेला पेन्सिल सेल थोड्या वेळाने हातात घेतला, तर कोमट लागतो. चार्जिंग संपत येतं तसा तो चांगलाच तापतो आणि मनात शंका येते, काही बिघडलं तर नाही ना? बहुतेक वेळा काहीही बिघडलेलं नसतं. त्या घडीला त्या बोटभर बंद डबीत वायू एकत्र येऊन चक्क पाणी तयार होत असतं!

बाजारात मिळणारे पुन्हा चार्ज होणारे पेन्सिल सेल बहुधा निकेल-मेटल हायड्राइड जातीचे असतात. त्यांच्या ऋण बाजूला एक विलक्षण मिश्रधातू असतो. चार्जिंग सुरू झालं की सेलमधल्या द्रवातल्या पाण्यातून सुटलेला हायड्रोजन या धातूच्या अणूंमधल्या फटींत जाऊन बसतो. नेदरलँड्समध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत १९६०च्या दशकाच्या अखेरीस चुंबकांवर संशोधन चालू असताना अशा मिश्रधातूंचा हा गुण ध्यानात आला. त्यांतल्या लॅन्थॅनम आणि निकेलच्या मिश्रधातूत हायड्रोजन किती दाटीने मावतो? द्रवरूप हायड्रोजनमध्ये असतो त्याहूनही अधिक! धातूत शिरताना हायड्रोजन उष्णता सोडतो. सुरुवातीची कोमट ऊब येते ती काही अंशी इथून.

खरी गंमत सेल भरत आल्यावर सुरू होते. धन बाजूची निकेलची पट्टी भरली, की येणारी वीज साठायला जागा उरत नाही आणि तिथे ऑक्सिजन सुटू लागतो. बंद डबीत वायू साचत गेला तर धोकाच. पण ऋण बाजू मुद्दाम मोठी ठेवलेली असते, म्हणजे धन बाजू नेहमी आधी भरते. सुटलेला ऑक्सिजन मधला सच्छिद्र पडदा ओलांडून पलीकडे जातो आणि धातूतल्या हायड्रोजनशी संयोग पावून पुन्हा पाणी होतो. आता येणाऱ्या विजेतून साठत काहीच नाही, जवळजवळ सगळ्या विजेची उष्णता होते. २००० मिलिअँपिअर-तासांच्या सेलला एक अँपिअर प्रवाह देत राहिलो, तर एवढ्याशा सेलमध्ये जवळपास दीड वॉटची शेगडी पेटते!

चांगला चार्जर नेमकी हीच ऊब वाचतो. सेल तापला की त्याचं व्होल्टेज चढायचं थांबून काही मिलिव्होल्टनी उतरतं. ती बारीकशी घसरण दिसताच चार्जर प्रवाह तोडतो. काही चार्जर तापमानच मोजतात आणि ते मिनिटाला सुमारे एक अंशाने चढू लागलं की थांबतात. जुन्या पद्धतीच्या संथ चार्जरमध्ये प्रवाह २०० मिलिअँपिअरच्या आसपास असतो. त्यात सेल भरल्यावरही उष्णता पाव ते तीन दशांश वॉटच्या घरात राहते, म्हणून रात्रभर चार्जिंग त्याला सोसतं.

मग किती गरम चालेल? ४० ते ४५ अंशांपर्यंतची, हाताला सुखाने सोसणारी ऊब चालते, विशेषतः शेवटच्या काही मिनिटांतली. ५५ अंशांच्या वर, म्हणजे सेल हातात धरवत नसेल, तर चार्जिंग बंद करा. सेल वारंवार तापला की आतला द्रव आटत जातो, दाब फार वाढला तर सुरक्षा झडप उघडून वायू बाहेर पडतो आणि सेलचं आयुष्य घटतं. चार्जिंगसाठी भोवतालची हवा ४० अंशांच्या आत असावी असं उत्पादक सांगतात. विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी ही मर्यादा सहज ओलांडली जाते. तिथे पहाटे, मोकळ्या हवेत चार्जिंग करणं शहाणपणाचं.

फोनमधल्या लिथियम बॅटरीला मात्र हा नियम लावू नका. जादा वीज पाणी करून जिरवण्याची सोय तिच्यात नाही, त्यामुळे भरत आल्यावर ती तापणं हे शुभलक्षण नव्हे. पेन्सिल सेलची अखेरची ऊब मात्र निर्धास्तपणे अनुभवावी, कारण निसर्गाने आणि माणसाने मिळून घडवलेली ती सुरक्षेची युक्ती आहे.