नवा कोच कसा पारखावा?
कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फर्स्ट शिफ्ट सुटली की चहाच्या गाड्यावर शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉल मॅचचा हिशेब सुरू होतो: पाटाकडीलचा संघ भारी की दिलबहारचा? कॉलेजच्या टीमला नवा कोच आला, तर मात्र नुसत्या ट्रॉफ्या मोजू नयेत. आधी कोचिंगचं लायसन्स बघावं: ‘डी’, ‘सी’, ‘बी’, ‘ए’ आणि सर्वांत वर ‘प्रो’. मग मैदानावर जावं. बॉल हुकला की पोरं लगेच मागं पळतात का? शेवटच्या १५ मिनिटांत दमून गोल खातात का? राखीव पोरांना संधी मिळते का? फौंड्रीत ओतलेला रस थंड व्हायच्या आत साचा फोडला, तर जॉब वाया जातो. कोचलाही निदान दोन हंगाम द्यावेत आणि मग दुसऱ्यातली सुधारणा मोजावी.