चहा, तिळगूळ आणि दोन तासांचे खेळ

पुण्यात किंवा डोंबिवलीत हळदीकुंकू म्हणजे दहा मिनिटांचं काम. जिना चढायचा, हळदीकुंकू लावून घ्यायचं, तिळगूळ आणि वाण पिशवीत टाकायचं आणि ‘अहो, अजून तीन घरं आहेत’ म्हणत निघायचं. दिल्लीत हे जमत नाही. द्वारकेची मैत्रीण नोएडाला यायची म्हणजे ब्लू लाइनवर तासाहून जास्त वेळ, शिवाय पुढे ई-रिक्षा. एवढ्या लांबून आलेली बाई दहा मिनिटांत उठणार नाही, उठूही नये. त्यामुळे इथे हळदीकुंकवाचं आपोआप चहापान होतं. वीस मिनिटांनी गप्पा आटतात. एका कोपऱ्यात करोल बागेतल्या जुन्या ओळखीच्या बायका, दुसरीकडे गुरुग्रामच्या नोकरदार मुली आणि मधल्या खुर्चीवर यजमानीणबाईंची पंजाबी शेजारीण मोबाइल चाळत बसलेली!

अशा वेळी दोन-तीन साधे खेळ हाताशी हवेत. खर्च नको, मोठी तयारी नको आणि मराठी न येणारीलाही खेळता यायला हवं.

सगळ्या जमेपर्यंत

सगळ्या एकाच वेळी पोहोचतील अशी आशा सोडा. जानेवारीत धुकं असतं, कुणाची मुलं क्लासला असतात. म्हणून पहिला खेळ असा ठेवा की जी येईल तिने त्यात सामील व्हावं.

काचेच्या बरणीत हलव्याचे दाणे मोजून भरा. शेजारी वही-पेन ठेवा. प्रत्येकीने येताना आपलं नाव आणि अंदाज लिहायचा. सर्वांत जवळचा आकडा जिचा, तिला ती बरणीच द्यायची. दुसरा खेळ वासाचा. आठ लहान वाट्यांत ओवा, हिंग, जायफळ, दगडफूल, बडीशेप, मेथी, वेलदोडा आणि गोडा मसाला घ्या. वाट्यांवर मलमलचं कापड बांधा, नंबर लिहा. तिखट आणि मिरपूड मात्र टाळा, नाहीतर पाहुण्यांना शिंकाच शिंका. गोड्या मसाल्यापाशी बहुतेक अमराठी मैत्रिणी अडखळतात आणि ‘यात काय काय असतं?’ असं विचारतात. गप्पा सुरू व्हायला तेवढं पुरतं.

सागरगोटे मिळाले तर फारच छान. कोकणातून कुणी येणार असेल तर आणायला सांगा. नाही मिळाले तर पाच गुळगुळीत खडे घ्या. हा खेळ देशभर वेगवेगळ्या नावांनी खेळला जातो, त्यामुळे उत्तरेकडच्या आज्याही लगेच मांडी ठोकून बसतात. हात मात्र कुणाचे वळतात ते पाहा, बहुतेक वेळा सत्तरीच्या पुढच्यांचेच!

तांबोला, पण मराठीत

दिल्लीतल्या किटी पार्टीत तांबोला नसेल तर चहा गोड लागत नाही म्हणतात. तिकिटावर तीन ओळी, नऊ रकाने आणि पंधरा आकडे. १ ते ९० मधले आकडे पुकारायचे, पहिले पाच, चार कोपरे, एकेक ओळ आणि शेवटी फुल हाउस. सगळ्यांना येतो, अर्ध्या तासात संपतो.

यात एकच बदल करा. आकडे फक्त मराठीत पुकारा. दिल्लीत वाढलेल्या आपल्या मुलींची खरी परीक्षा इथे होते. ‘एकोणसाठ’ ऐकलं की कुणी ४९ खोडते, कुणी ६९. हिंदीतलं ‘नवासी’ आणि आपलं ‘एकोणनव्वद’ एकच, हे कळेपर्यंत पुढचा आकडा आलेला असतो. पुकारणारीने आकडा दोनदा म्हणावा, इंग्रजीत सांगू नये. अडलेल्या मुलीने शेजारच्या काकूंना विचारावं. पाच-सहा आकड्यांनंतर मुली काकूंना चिकटूनच बसतात. पेनाऐवजी शेंगदाणे ठेवलेत तर लहान मुलांनाही खेळता येतं, फक्त आकडा खोडण्याआधी दाणा खाल्ला जातो.

पैसे लावायचे की नाही, यावरून मंडळात वाद होतात. माझं स्पष्ट मत, लावू नयेत. भिशीची गोष्ट निराळी. बाराजणींनी दरमहा दोन हजार काढले की दर महिन्याला एकीच्या हाती चोवीस हजार येतात आणि वर्षाअखेर प्रत्येकीचा हिशेब बरोबर जुळतो. तांबोल्यात ते होत नाही. घरी पैशांची ओढ असलेली एखादी असतेच, ती शंभराचं तिकीट नाइलाजाने घेते आणि पुढच्या वेळी कारण सांगून येत नाही. बक्षीस म्हणून चहाची गाळणी, लोणच्याची छोटी बाटली किंवा तुळशीचं रोप पुरे.

पैठणीचा मोह

झी मराठीवर २००४ मध्ये ‘होम मिनिस्टर’ सुरू झालं. आदेश बांदेकर भावोजी घरोघरी पोहोचले आणि तेव्हापासून गणेशोत्सवात, मंडळाच्या वर्धापनदिनी, अगदी वाढदिवसालाही ‘खेळ पैठणीचा’ हवाच असतो. फुगे फुगवणं, पेल्यांचा मनोरा, एका मिनिटात टिकल्या लावणं हे खेळ मजेचे आहेतच. पण चहापानाला दहा-बाराच जणी असतात. तिथे अकराजणी हरून एकच जिंकणारा खेळ थोडा जड जातो. जोड्या लावा, चिठ्ठ्या टाकून लावा. म्हणजे जुन्या मैत्रिणी एकत्र अडकून राहत नाहीत.

जोड्यांसाठी ताटातल्या वस्तू आठवण्याचा खेळ उत्तम. चकलीचा सोऱ्या, पुरणयंत्र, शंकरपाळ्याचं कातणं, झारा, किसणी, रवी अशा वीस वस्तू ताटात मांडा, एक मिनिट दाखवा, झाका आणि लिहायला सांगा. ‘ते चाक असलेलं काहीतरी’ असं लिहिलं तरी गुण द्या.

उखाणा कुणाचा?

उखाण्याला सगळ्या हसतात, पण सगळ्याच हसू शकत नाहीत. जिचा नवरा गेला आहे, जी वेगळी राहते, जिने लग्नच केलेलं नाही, तिची पाळी आली की खोलीत एकदम शांतता पसरते. मग कुणीतरी घाईने म्हणतं, ‘त्यांना राहू दे.’ यापेक्षा वाईट काही नसतं. हळदीकुंकवाचं ताट पुढे नेताना हात मागे घेतला जातो तेही तसंच.

ही नव्या पिढीची कुरकुर नाही. जानेवारी १८५२ मध्ये सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात महिला सेवा मंडळाच्या वतीने तिळगूळ समारंभ ठेवला होता. सगळ्या जातींच्या स्त्रियांनी एकाच जाजमावर बसायचं, असं आमंत्रणातच सांगितलं होतं. आणि मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्यानंतर त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. एका गावाला जे जमलं ते आपल्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये का जमू नये?

करायचं एवढंच. निमंत्रणात ‘सुवासिनींसाठी’ न लिहिता ‘तिळगूळ आणि चहापान’ लिहा. हळदीकुंकवाचं ताट दाराशी ठेवा, जिला हवं ती स्वतः लावेल. वाण सगळ्यांना सारखंच. आणि उखाण्यात नवऱ्याच्या नावाऐवजी मेट्रो स्टेशनची चिठ्ठी काढा. कश्मिरी गेट, हौज खास, राजीव चौक, जे येईल त्यावर दोन ओळी जुळवायच्या. उदाहरणार्थ,

तिळाच्या लाडवात गूळ घातला किसून,
राजीव चौकला जागा मिळाली, द्वारकेपर्यंत गेले बसून!

हिंदी, बंगाली, तमिळ, कुठल्याही भाषेत चालेल. नवऱ्याचं नाव घ्यायची हौस असेल तर त्याला त्या डब्यात बसवायला कुणाची हरकत नाही.

मोजे काढा!

झिम्मा-फुगडीशिवाय बायकांचा मेळावा पूर्ण होत नाही. पण दिल्लीच्या थंडीत सगळ्यांच्या पायात मोजे असतात आणि घरात गुळगुळीत टाइल्स. मोजे काढायचे, सतरंजी गोळा करून बाजूला ठेवायची, मगच फुगडी. हात फुलीसारखे धरायचे, पावलं जवळ, अंग मागे. गुडघेदुखीवाल्यांनी खुर्चीत बसून झिम्म्याच्या टाळ्या द्याव्यात, लय त्यांच्याच हाती राहते.

श्रावणातही असा बेत करता येतो. उत्तरेत महिना पौर्णिमेनंतर बदलतो, म्हणून इथला सावन आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो. शुक्ल पक्ष मात्र दोघांचा एकच. त्यामुळे हरियाली तीज आणि आपली मंगळागौर जवळजवळ येतात. शेजारणींचा झोका आणि आपला पिंगा एकाच दुपारी ठेवून पाहा.

चहाआधी खिरापत

शेवटचा खेळ भोंडल्याकडून उसना घ्या. नवरात्रात हत्तीभोवती फेर धरून झाला की डबा वाजवून खिरापत ओळखायची असते, तसंच इथे. प्रत्येकीला घरून एक लहान बंद डबा आणायला सांगा, पदार्थ कुठलाही. डबा हलवायचा, आवाज ऐकायचा, तीन प्रश्न विचारायचे. गोड की तिखट? तळलेलं की भाजलेलं? आमच्याकडे होतं की तुमच्याकडे? गजक आणि गुळपोळी, मठरी आणि शंकरपाळे यांत चांगलीच फसगत होते. तीन प्रश्नांत ओळखलं नाही तर आणणारी जिंकली, पण तिने सगळ्यांना रेसिपी सांगायची, तीही प्रमाणासकट. ‘अंदाजाने घालायचं’ हे उत्तर चालणार नाही. तोवर एकीने उठून चहाचं आधण ठेवावं, आलं जरा जास्तच घालून.