ताप उतरतानाचा धोका

तीव्र डेंग्यूत प्रौढ रुग्णाच्या जिवाला सर्वाधिक धोका बहुधा ताप उतरू लागल्यावर, म्हणजे आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसांदरम्यान असतो. कारण तेव्हा केशवाहिन्यांतून रक्तद्रव, म्हणजे रक्तातील पेशींखेरीजचा द्रव भाग, बाहेर झिरपून रक्त दाट होते, आणि वरच्या व खालच्या रक्तदाबातील अंतर २० मिलिमीटर (पारा) किंवा त्याहून कमी झाले की रुग्ण शुद्धीवर असून बोलत असला तरी तो शॉकमध्ये, म्हणजे अवयवांना पुरेसे रक्त न मिळण्याच्या अवस्थेत, गेलेला असू शकतो. उतारवय, मधुमेह, मूत्रपिंडाचा जुना विकार, मोठा रक्तस्राव, यकृताची गंभीर इजा आणि उपचारांतील टाळता येण्याजोगा विलंब यांमुळे मृत्यूची शक्यता वाढते. धोका असा रक्तद्रवाच्या गळतीवर आणि या घटकांवरही अवलंबून असल्याने केवळ प्लेटलेट या रक्तपेशींच्या आकड्यावर विसंबणे अपुरे ठरते. पोटात तीव्र वेदना, सततच्या उलट्या किंवा ग्लानी दिसताच, ताप नसला तरी, रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे.