काळी कौले, कोरे आभाळ

लोधीखेडा, सौंसर या गावांचा मुलूख ज्या नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता, त्यांतील तिसरे रघूजी १८५३ साली निवर्तले. पुढच्याच वर्षी मुंबईस छायाचित्रकारांची संस्था निघाली आणि तीत नारायण दाजींसारखे मराठी गृहस्थही दाखल झाले. त्या काळच्या छायाचित्रांत अशा मुलखातील वाड्यांची कौले काजळासारखी काळी आणि आभाळ कोरे का दिसते, याचे कारण वाड्यात नसून काचेवरील रसायनात आहे. कलोडियन नावाचे चिकट द्रावण फासलेली काच रौप्यक्षारात बुडवून ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावी लागे; हा क्षार निळ्या-जांभळ्या किरणांना तत्काळ दाद देई, तांबड्यांना मात्र जवळजवळ मुळीच नाही. परिणामी गेरूची चौकट, विटांची भिंत, सागवानी खांब सारे काळवंडे, आणि नीळ घातलेल्या चुन्याची ओसरी पांढरीफटक उमटे. काचेवर प्रकाश काही सेकंद पडू द्यावा लागे, म्हणून अंगणातून चालणारा गडी पुसट होई वा नाहीसाच होई. तक्क्याला टेकलेले मालगुजार तेवढे स्पष्ट, हेही रिवाजाला धरूनच! १८७३ साली फोगेल या जर्मन रसायनज्ञाने रंजकद्रव्ये मिसळून हिरवे किरण आवाक्यात आणले. तांबड्यासाठी विसावे शतक उजाडावे लागले. तेव्हा वाड्याचा मूळ रंग हुडकणाऱ्याने छायाचित्र बाजूस ठेवून कोनाड्यातील चुन्याचा पापुद्रा हलकेच खरवडून पाहावा.