गाभण कुत्री आणि गोठ्यातली औषधे



वस्तीवरची कुत्री म्हणजे रानाची राखणदार. ती गाभण असताना आजारी पडली की आपण गोठ्यातल्या फळीवरची बाटली काढतो अन् गुरांचेच औषध अंदाजाने पाजतो. इथेच घात होतो.

कुत्रीचे गाभणपण सुमारे 63 दिवसांचे. पहिल्या महिन्यात पिल्लांचे अवयव घडतात. त्यात आल्बेंडाझोल पाजले तर पिल्ले व्यंग घेऊन जन्मण्याचा धोका. मग जंत तसेच ठेवायचे का? तसेही नाही. गोल जंत आईच्या पोटातून, पुढे दुधातूनही पिल्लांत जातात. त्यासाठी फेनबेंडाझोल आहे. ते चाळिसाव्या दिवसापासून, वजन पाहून, डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे.

टेट्रासायक्लिनने पिल्लांचे दात पिवळे पडतात. डेक्सामेथासोनने गाभ पडू शकतो. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन तर कोणत्याच कुत्र्याला आपल्या मनाने देऊ नये.

कॅल्शियमची गंमत निराळीच. "गाभण आहे, हाडे भरू द्या" म्हणून रोज पाजले, तर हाडातले कॅल्शियम काढून घ्यायची शरीराची तयारी मंदावते, आणि व्याल्यावर दूध वाढले की रक्तातले कॅल्शियम एकदम उतरते. गाईम्हशींचा दुग्धज्वर आपण जाणतो, त्याच जातीचा हा प्रकार. व्याल्यानंतर पहिल्या महिन्यात कुत्री थरथरू लागली, पाय ताठले, धापा टाकू लागली, तर सकाळची वाट पाहू नये. पिल्ले बाजूला करून तडक डॉक्टर गाठावा. शिरेतून कॅल्शियम द्यावे लागते, उशीर झाला तर कुत्री दगावते. जाताना घरी काय पाजले ते लपवू नका, बाटली सोबत न्या.