गंज, हळद आणि रेडिएशन

गेल्या हिवाळ्यात आमच्या श्रूजबरीच्या घरी सासूबाईंचे घशाचे रेडिएशन चालू होते. तोंडाला इतकी कोरड, की मऊ भातसुद्धा गिळवेना. बातमी कळताच भारतातून हळदीच्या कॅप्सुल आल्या, इथल्या मंडळींनी ई जीवनसत्त्वाच्या बाटल्या आणून दिल्या. सगळे प्रेमापोटीच! "नैसर्गिक आहे, अपाय कसला?" असे मलाही वाटले. बाटल्या डॉक्टरांना दाखवल्या, तर ते म्हणाले, "आमटीतली हळद चालेल, पण या गोळ्या उपचार संपेपर्यंत बंद."

असे का? मी पडलो इंजिनिअर. ऑक्सिडेशन म्हटले की मला गंज आठवतो. पेशीत बहुतेक पाणीच असते. किरणांनी ते फुटले की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात आणि डीएनएवर घाव घालतात. क्ष-किरणांनी होणारी साधारण दोन-तृतीयांश इजा अशी पाण्यामार्फत होते. अँटिऑक्सिडंट या रॅडिकलना निकामी करतात. मग बिघडले कुठे? अहो, कॅन्सरची पेशीही याच घावांनी मरते! ढाल तिच्याच हाती पडली तर?

ही भीती नुसती कागदावरची नाही. क्यूबेकमध्ये डोके-मानेच्या कॅन्सरच्या 540 रुग्णांचा अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. ई जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांना रेडिएशनचा तीव्र त्रास कमी झाला. पण रोग त्याच जागी उलटण्याकडे कल जास्त दिसला.

म्हणजे ढाल नकोच असे नाही. ती निवडक हवी. अमेरिकन लष्कराच्या संशोधनातून निघालेले अमिफोस्टीन तसे आहे. ते निरोगी पेशींत जास्त प्रमाणात कार्यक्षम होते. रेडिएशनच्या 15 ते 30 मिनिटे आधी ते शिरेतून देतात. तोंडाची कोरड कमी करण्यासाठी त्याला 1999 साली अमेरिकेत मान्यता मिळाली. अर्थात त्यानेही उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. आपल्याकडेही भाभा अणुसंशोधन केंद्राने टाटा मेमोरियलच्या सहकार्याने रेडिएशनच्या जोडीला द्यायच्या 'अ‍ॅक्टोसाइट' गोळ्या तयार केल्या. त्यांची घोषणा 2024 साली झाली.

सासूबाईंचे उपचार पार पडले. कोरड अजून पुरती गेलेली नाही, पण वरणभात जातो. तेव्हा मंडळी, आपल्या माणसाला गोळ्या जरूर पाठवा. मात्र पहिली गोळी पोटात जाण्याआधी बाटली त्यांच्या डॉक्टरांपुढे ठेवा. त्यात संकोच कसला?